उत्तर: आयआरएफ५१० चा पीए आपोआप शिट्टी मारतो

तुमचा पीए (ट्रान्समीटरचा पॉवर अॅम्प्लिफायर, इथे आयआरएफ५१० या मॉसफेट ट्रान्झिस्टरचा) इनपुट नसतानाही आपणहून सिग्नल काढतो, म्हणजे दोलन करतो, आणि बायस कमी केल्यावर थांबतो, असं तुम्ही म्हणता. बायस (गेट या पायावरचा स्थिर व्होल्टेज) कमी केला की दोलन थांबतं हे खरं, पण ते फक्त दडतं. ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) दिल्यावर परत डोकं वर काढतं. 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा, ड्राइव्ह काढा आणि बायस हळूहळू वाढवा. ड्रेनचा (मॉसफेटच्या आउटपुटच्या पायाचा) करंट सावकाश चढण्याऐवजी मध्येच उडी मारत असेल तर दोलन नक्की.

दोलन व्हीएचएफचं (30 ते 300 मेगाहर्ट्झ) असेल तर 10 ओहमचा रेझिस्टर थेट गेटच्या पायाशी लावा, दोन इंच दूर नाही. शे-दीडशे किलोहर्ट्झचं असेल तर दोष बहुधा सप्लायच्या डिकपलिंगचा (सप्लायवरचा सिग्नल ग्राउंडकडे वळवणाऱ्या कपॅसिटरचा): 100 किलोहर्ट्झला 0.1 मायक्रोफॅरडचा अडथळा चक्क 16 ओहम असतो, म्हणून समांतर 10 मायक्रोफॅरड हवाच. आणि हीटसिंक ग्राउंड केलंय ना? ट्रान्झिस्टरचा टॅब (हीटसिंकला टेकणारा धातूचा भाग) म्हणजे ड्रेन. मधल्या अभ्रकाच्या इन्सुलेटरआडूनही सिग्नल हीटसिंकवर चढतो.