अडखळणे कमी झाले, भीती मात्र तशीच आहे: उपचार आधी कशावर घ्यावेत?

माझे वय ३१ असून मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. चौथ्या वर्षापासून मी अडखळत बोलतो. मामाही तसेच बोलत, त्यामुळे घरात त्याचे कोणाला फारसे नवल वाटले नाही. 'क' आणि 'प' विशेष अडतात. गेल्या वर्षी आठ महिने स्पीच थेरपी घेतली आणि तिचा उपयोगही झाला. थेरपिस्टसमोर मी आता वीस मिनिटे बऱ्यापैकी सलग बोलतो. मात्र दार ओढून बाहेर आल्यावर स्वागतकक्षात पुढच्या भेटीची वेळ मागायची झाली, तर ओठ मिटतात ते उघडत नाहीत.

माझे गाव कराड. एसटीत वाहक समोर आला की 'क' घशातच राहतो, म्हणून मी कित्येकदा सांगलीचे तिकीट काढून कराडला उतरलो आहे. ऐकणाऱ्याला यात अडखळणे कुठेच दिसणार नाही, कारण मी 'सांगली' अगदी स्वच्छ म्हणतो. जोसेफ शीहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः अडखळत बोलत, तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: कानावर पडते ते वरचे टोक, आणि भीती, लाज व टाळाटाळ पाण्याखाली. माझे टोक थेरपीने झिजले, खालचा भाग तसाच आहे. शब्द बदलून वेळ मारून नेता येते, पण स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो, आणि माझे नाव नेमके 'प्र'ने सुरू होते.

अडचण अशी की थेरपिस्ट म्हणतात, बोलणे सुधारले की भीती आपोआप जाईल. समुपदेशक म्हणतात, भीती गेली की बोलणे मोकळे होईल. गणपतीत सर्वांबरोबर आरती म्हणताना माझे एकही अक्षर अडत नाही, हे समुपदेशकांना त्यांच्या बाजूचा पुरावा वाटते. मला तो तितकासा पटत नाही, कारण एकसुरात आणि तालात म्हणताना अडखळणे बहुतेकांचे कमी होते. भीती गेल्यामुळेच तसे होते असे त्यावरून ठरत नाही. शिवाय २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात बोधात्मक वर्तनोपचाराने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार, सीबीटी) सहभागी व्यक्तींची सामाजिक भीती कमी झाली, पण अडखळण्याचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असल्या, तरी एकीच्या औषधाने दुसरी बरी होईलच असे नाही, असा माझा समज झाला आहे. तो चुकीचा असल्यास कृपया सांगावे.

ज्यांनी दोन्ही उपचार एकाच वेळी घेतले आहेत, त्यांना विचारायचे आहे की दोन तज्ज्ञांनी आपसात बोलून उपचार ठरवले होते का, की दोघांमधला निरोप्या तुम्हालाच व्हावे लागले? भीती कमी व्हावी म्हणून मुद्दाम अडखळून बोलण्याचा सराव कोणी अनोळखी माणसांसमोर केला आहे का? मला तो सुचवला गेला होता, पण धीर झाला नाही. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या स्वयंसहायता गटात जाणाऱ्यांचा अनुभवही वाचायला आवडेल. विशेषतः पहिल्या दिवशी तेथे सर्वांसमोर नाव सांगावे लागते का, एवढे आधी कळले तर बरे होईल.