शाळेच्या गॅदरिंगला हनुकाचं गाणं बसवायचंय, कुठलं घेऊ?

सूरपेटी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका शाळेत संगीत शिकवते. यंदा डिसेंबरच्या गॅदरिंगची थीम 'दिव्यांचे सण'. दिवाळी झाली, त्रिपुरी पौर्णिमा झाली, नाताळचं कॅरलपण बसलं आणि आता मोठ्या बाईंच्या डोक्यात आलं की ज्यू लोकांचा हनुकापण घ्यायचाच, म्हणजे ते काम अर्थातच माझ्या गळ्यात. यूट्यूबवर बघितलं तर अर्धी गाणी इंग्लिश विनोदी आणि उरलेल्यांत लोक 'हवा नगिला' लावून मोकळे. पोरं पाचवी-सहावीची. पेटी, तबला, एक कीबोर्ड आहे, शिवाय एका मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात, ते यायला तयार आहेत. चारेक मिनिटांत बसेल, पोरांची जीभ अडकणार नाही आणि कुणाच्या धर्माची चेष्टा वाटणार नाही असं काहीतरी सुचवा ना.

कोमल_निषाद:
हवा नगिला नकोच. गाणं झकास आहे पण ते लग्नाकार्यात गोल करून नाचायचं, हनुकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. (चाल मात्र सवडीनं पेटीवर काढून बघा. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध आणि नी, थेट बसंत मुखारीचे सूर.)
तुमच्या पोरांसाठी 'ओचो कांदेलिकास', डोळे झाकून. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंची लादिनो भाषा आहे, त्यातलं गाणं, पण जुनं नाही हं, बोस्नियात जन्मलेल्या फ्लोरी जगोदा नावाच्या गायिकेनं अमेरिकेत गेल्यावर १९८३ साली केलेलं. बदाम-मधाच्या खाऊचा उल्लेख आहे आणि धृपदात एकेक करत आठ मेणबत्त्या मोजायच्या, बस. मोजणी असल्यामुळं पोरं दोन दिवसांत पाठ करतील. ठेका टँगोच्या वळणाचा आहे, तबल्यावर केरवा धरा पण ठाय लयीत, नाहीतर त्याची पार लावणी होईल.

कडक_भाकरी:
मॅडम त्या क्लॅरोनेटवाल्या काकांना अजिबात सोडू नका! पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझ्मर म्हणून संगीत आहे, ते मुळात लग्नातलंच, व्हायोलिन आणि क्लॅरोनेट हेच त्यातले राजे. सूर दाबून मुरडायचा, मध्येच हुंदका काढल्यासारखा तोडायचा, हे वरातीत वाजवणाऱ्याला वेगळं शिकवायला लागत नाही. फक्त त्यांना सांगा की पोरं गात असताना गप्प बसायचं, दोन कडव्यांच्या मधली जागा त्यांची. आमच्या गल्लीतल्या बँडवाल्यांना कुणी एवढं सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं बे.

आजोळ_अलिबाग:
शालोम! मी बेने इस्रायली, म्हणजे मूळ कोकणातली मराठी ज्यू, ठाण्यात राहते. ताई, एकच विनंती, दिवे लावताना जे आशीर्वाद म्हणतात ते स्टेजवर घेऊ नका. त्यात देवाचं नाव येतं, ते खऱ्या दिव्यांपुढं म्हणायचे. गाणी खुशाल घ्या. दिवे लावल्यावर अश्केनाझी म्हणजे जर्मनी-पूर्व युरोपकडच्या ज्यू लोकांकडं 'माओझ त्सूर' म्हणतात, शब्द तेराव्या शतकातले आणि चाल जुन्या जर्मन लोकगीतांवरून आलेली. सेफर्दी म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या घरांत त्या जागी बायबलमधलं ३० वं स्तोत्र. माओझ त्सूरचं हिब्रू पोरांना जड जाईल, पण नुसती चाल पेटीवर सुरुवातीला घेतली तर वातावरण होतं.
आणि गंमत सांगते, आमच्या कोकणातल्या पूर्वजांना हनुका माहीतच नव्हता! यरुशलेमचं मंदिर ज्यूंनी परत जिंकून पुन्हा शुद्ध केलं त्याचा हा सण, ते झालं इ.स.पूर्व १६४ मध्ये आणि आमचे लोक त्याच्या आधीच इकडं आले असं आमच्यात मानतात. सण नंतर कळला. पण मराठी कीर्तन आमच्याकडं एकोणिसाव्या शतकापासून आहे, मोशे-योसेफाच्या गोष्टी पेटीवर रंगवून सांगायचे. म्हणून म्हणते, निवेदन इंग्लिशमध्ये नको. एखाद्या धीट पोरीला कीर्तनाच्या ढंगात उभी करा आणि ज्यूंचा सेनापती यहूदा मक्काबी याची लढाई, एका दिवसाचं तेल आठ दिवस कसं पुरलं, सगळं मराठीतच सांगू दे.

दुसरा_आल्टो:
मी पण सोलापूरचाच, चर्चच्या क्वायरमध्ये गातो. हँडेलच्या 'जूडास मॅकाबीयस'मधला विजयाचा कोरस ऐका. १७४७ ला लंडनमध्ये पहिल्यांदा झालेला ऑरेटोरिओ (गाण्यांतून सांगितलेली धार्मिक कथा) आहे, विषय हाच मक्काबींचा. त्या कोरसच्या चालीवर हिब्रूत 'हावा नरीमा' हे हनुकाचं बालगीत आहे आणि तीच चाल आम्ही ईस्टरला म्हणतो. शेवटी पोरं रांगेनं बाहेर पडताना कीबोर्डवर टाका, मस्त वाटेल.

सूरपेटी_सोलापूर:
वा, कामच झालं! कांदेलिकास पक्कं, कीर्तनाला सहावीतली एक बडबडी मुलगी आहेच. आता एक सांगा, आठ पोरं हातात एलईडीचे दिवे घेऊन उभी करणार, तर पेटवायचे कुठल्या बाजूनं?

आजोळ_अलिबाग:
आठ नाही, नऊ पोरं लागतील. नववा शमाश, त्याच्यानं बाकीचे लावायचे, म्हणून त्याला स्टुलावर उभा करा किंवा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा घ्या. घरी रोज एक दिवा वाढतो, उजवीकडून मांडत जायचं आणि लावताना डावीकडचा नवा आधी. तुम्हाला आठही एकाच गाण्यात लावायचेत, तर प्रेक्षकांच्या उजवीकडून सुरू करा, म्हणजे रांग आमच्या घरी वाढते तशीच वाढेल. आणि सातच दिव्यांचं कटआउट कुणी आणून दिलं तर परत पाठवा, ते यरुशलेमच्या मंदिरातलं, हनुकाचं नाही.

कडक_भाकरी:
एलईडीचे सेल आदल्या दिवशी बघून ठेवा मॅडम. आणि व्हिडिओ टाका इथं.