दोनदा जगज्जेता, तरी ऑलिंपिकपासून वंचित: जोशिरो मारुयामा

प्रश्न
जपानचा जोशिरो मारुयामा ज्युदोच्या ६६ किलो वजनी गटात २०१९ आणि २०२१ असा दोनदा जगज्जेता झाला. वडील केंजी मारुयामा १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळलेले, थोरला भाऊ गोकी हाही आंतरराष्ट्रीय ज्युदोपटू. अशा घरात घडलेल्या खेळाडूला टोकियो ऑलिंपिक मायदेशी असूनही त्यात उतरता आले नाही, याला केवळ दुर्दैव म्हणावे की निवडपद्धतीत काही खोट होती?

प्रतिसाद १
ऑलिंपिकमध्ये एका वजनी गटात एका देशाचा एकच खेळाडू उतरतो, आणि याच गटात २०१७ व २०१८ चा जगज्जेता हिफुमी आबे होता. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत मारुयामाने गुडघा दुखावलेला असतानाही उपांत्य फेरीत आबेला हरवले आणि पुढे विजेतेपदही मिळवले. नोव्हेंबरमध्ये ओसाका ग्रँड स्लॅमच्या अंतिम लढतीत मात्र आबे जिंकला. त्यानंतर कोरोनामुळे निवड लांबली आणि अखेर १३ डिसेंबर २०२० रोजी कोदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेल्या मूळ संस्थेत, प्रेक्षकांविना या दोघांची एकच लढत ठेवण्यात आली. चार मिनिटांच्या नियमित वेळेत निकाल लागला नाही. पुढच्या ‘गोल्डन स्कोअर’ला, म्हणजे पहिल्या गुणाने निकाल लागणाऱ्या जादा वेळेला, मर्यादा नसते, त्यामुळे लढत एकूण २४ मिनिटे चालली आणि आबेच्या वाझाआरीने, म्हणजे पूर्ण गुणाहून (इप्पोन) खालच्या गुणाने, संपली.

प्रतिसाद २
त्या २४ मिनिटांना थरार म्हणणाऱ्यांनी पकडीकडे नीट पाहावे. मारुयामा डाव्या पकडीचा आणि आबे उजव्या, त्यामुळे दोघांचे पुढचे हात सतत एकमेकांच्या आड येतात, आणि बाही व कॉलर हाती लागेपर्यंतच निम्मी ताकद खर्ची पडते. त्यात तिसरी शिदो (नियमभंगाची ताकीद) मिळाली की सामना गेला, म्हणून हात आखडून उभे राहण्याचीही सोय नाही. मारुयामाची उचिमाता, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मांडीच्या आतून पाय घालून फेकण्याचा डाव, देखणी आहे यात वाद नाही, पण ती मारायला आधी मनासारखी पकड मिळावी लागते. मला विचाराल तर त्याची संधी कोदोकानमध्ये नव्हे, ओसाकात हुकली; ती लढत जिंकली असती तर प्रकरण बहुधा तिथेच मिटले असते.

राहिला खोटीचा मुद्दा. आपल्याकडे २०१६ मध्ये कुस्तीत ऑलिंपिकच्या ७४ किलोच्या जागेवरून सुशील कुमार चाचणी लढतीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेला, मागणी फेटाळली गेली आणि नरसिंग यादवचे नाव कायम राहिले. जपानने निदान निकाल मॅटवर लावला.

प्रतिसाद ३
वरील मताशी सहमत आहे, परंतु घराण्याचा मुद्दा एकतर्फी मांडला गेला आहे, कारण आबेही काही एकटा नव्हता. त्याची धाकटी बहीण उता ५२ किलो गटात खेळते आणि २५ जुलै २०२१ रोजी निप्पॉन बुदोकानमध्ये भावाबहिणीने एकाच दिवशी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. त्याआधी जूनमध्ये मारुयामाने बुडापेस्टला इटलीच्या मानुएल लोम्बार्दोला हरवून दुसरे जागतिक विजेतेपद मिळवले होते. अर्थात त्या स्पर्धेत आबे नव्हता, हे चाहते सोयीने विसरतात. पुढे २०२२ मध्ये ताश्कंदला आणि २०२३ मध्ये दोह्याला, दोन्ही वेळा अंतिम लढत याच दोघांत झाली आणि दोन्ही वेळा आबे जिंकला. त्यामुळे टोकियोच्या निवडीबद्दल कितीही हळहळ वाटली, तरी पॅरिस ऑलिंपिकची जागा आबेला देताना वेगळी लढत घ्या, असे म्हणायला मारुयामाच्या बाजूने फारसा आधार उरला नव्हता.