मदत हवी आहे : चर्चच्या गटासोबत लेस्वोसला निर्वासितांच्या कामासाठी जावं का?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्या इथल्या चर्चचा एक गट ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत ग्रीसच्या लेस्वोस बेटावर निर्वासितांच्या कामाला जाणार आहे. १४ जण, आठवडाभरासाठी. आखणी माझ्याकडे आली आहे, कारण मी नर्स आणि मला हिंदी येतं. ग्रीसमध्ये राहणारं किंवा अशा छावणीत काम केलेलं इथे कुणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा. लांबलंय, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लेस्वोस आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये सगळ्यात अरुंद जागी जेमतेम दहा किलोमीटर समुद्र आहे. २०१५ साली साडेआठ लाखांवर माणसं बोटींतून ग्रीसला उतरली, त्यातली निम्म्याहून जास्त या एका बेटावर. बेटाची स्वतःची लोकसंख्या लाखाच्या आत. तेव्हा स्काला सिकामिनियास गावातल्या कोळ्यांनी लोकांना पाण्यातून काढलं, म्हाताऱ्या बायकांनी परक्यांची तान्ही बाळं मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजलं. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला आणि नव्याने येणाऱ्यांना बेटावरच अडकवून ठेवायला सुरुवात झाली. साधारण ३,००० माणसांसाठी असलेल्या, बेटावरच्या मोरिया छावणीत २०२० च्या सुरुवातीला २०,००० च्या आसपास माणसं राहत होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती जळाली. आताची छावणी मितिलिनी शहराजवळ मावरोवूनीला आहे, लष्कराच्या जुन्या गोळीबाराच्या मैदानावर.

आमच्या कमिटीच्या डोक्यात तीन कामं आहेत. मुलांसाठी खेळ आणि गाणी, इथून गोळा केलेले कपडे वाटणं, आणि संध्याकाळी जेवण देऊन प्रार्थनासभा. त्या सभेत फारसी भाषेतल्या सुवार्तेच्या, म्हणजे येशूच्या संदेशाच्या, पत्रिका वाटायच्या आहेत, छापूनही आल्या आहेत.

पहिल्या दोन कामांबद्दल मला प्रश्न आहेत. तिसऱ्याने माझी झोप उडवली आहे.

मी विश्वासणारी आहे, माझ्या प्रभूबद्दल बोलायला मला कधी संकोच वाटला नाही. पण मी ज्या भागातून आले तिथे १८७६-७८ च्या दुष्काळात ख्रिस्ती मिशनने माणसं जगवली आणि त्यानंतरच्या वर्षांत बाप्तिस्मे वाढले. त्याला दीडशे वर्षं होत आली. तरी शाळेत मला ऐकवलं गेलंय की तुमचे पूर्वज धान्यासाठी बाटले. माझ्या वडिलांनी ऐकलं, आजोबांनी ऐकलं. आजी एवढंच म्हणायची, "उपाशी माणसाला देव विचारू नये, आधी भाकर द्यावी आणि उठून बाजूला व्हावं." आमच्या पूर्वजांचा विश्वास खरा होता, हे मला पक्कं माहीत आहे. पण ताट आणि पत्रिका एकाच हाताने दिली की त्या विश्वासावर कायमचा डाग बसतो, आणि तो डाग घेणाऱ्याच्या नातवंडांना पुसत बसावा लागतो. त्याच काळात तेलुगू मुलखात, ओंगोलला, जॉन क्लाऊ नावाच्या मिशनरीने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं कंत्राट घेऊन दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळवून दिली आणि मदत चालू होती तोवर बाप्तिस्मे देणं थांबवलं होतं. म्हणजे हे भान तेव्हाही काहींना होतं.

आता नेमके प्रश्न. आठवडाभरासाठी गेलेल्या १४ जणांचा तिथे खरंच उपयोग होतो का? माणशी हजाराच्या वर पौंड खर्च आहे, म्हणजे एकूण पंधरा हजारांच्या घरात. तेवढे पैसे तिथल्या संस्थेला दिले तर जास्त चांगलं होईल का? नर्स म्हणून मी काय करू शकते, काय करू नये? माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे मला शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) लागेल. गटातले काही जण म्हणतात, "पर्यटन लिही, भानगड नको." मला ते पटत नाही. आणि शेवटचं, पत्रिकांबद्दल कमिटीशी कसं बोलू? आमचे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, त्यांना दुखवायचं नाही.

प्रतिसाद

पैसे पाठवा, घरी बसा. चौदा जणांच्या खर्चाच्या पैशात तिथल्याच चार जणांना काही महिने पगार मिळेल.

प्रतिसाद

ताई, मी वसईचा. जर्मनीत शिकत असताना सुट्टीत लेस्वोसला एका संस्थेच्या कपड्यांच्या गोदामात काम केलंय, नंतर पुन्हा जाऊन राहिलो. जमेल तेवढं सांगतो.

आधी कपडे. इथून नेऊ नका. गोदामात खोक्यांच्या थप्प्या असायच्या आणि त्यात काय निघेल याचा नेम नव्हता. उंच टाचांच्या चपला, पार्टीचे झगे, एका पायाचे बूट. आणि खिडकीशी उभ्या अफगाण पोराला हवे असायचे ४१ नंबरचे साधे बूट, ते कायम संपलेले. आम्ही दिवसच्या दिवस नुसती निवड करत बसायचो. काय कमी आहे ते तिथल्या संस्थेला विचारा आणि मितिलिनीच्या दुकानातून विकत घ्या. बेटावरच्या लोकांनी खूप सोसलंय, त्यांच्या गल्ल्यात चार पैसे पडले तर वाईट नाही.

मुलांचं काम आठवड्यापुरतं करू नका, हे हात जोडून सांगतो. ती पोरं चटकन लळा लावतात. शनिवारी तुम्ही निघता, सोमवारी दुसरा गट येतो. घर सुटलेल्या लेकराला दर आठवड्याला नवा निरोप कशाला? मुलांसोबतच्या कामाला चांगल्या संस्था पोलिसांचा दाखला मागतात आणि काही आठवडे तरी राहा म्हणतात. जी संस्था काहीच विचारत नाही तिच्यापासून लांब राहा.

तरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. वरच्या प्रतिसादातला हिशोब बरोबर आहे, पण माणसं पाहून आलेलं चर्च पुढे कित्येक वर्षं देत राहतं, हेही मी पाहिलंय. चौदा जण नको, चार-पाच जा. गोदाम, धुलाई, रंगकाम, स्वयंपाकघरातली भांडी, असं पाठीमागचं काम मागून घ्या. आणि उरलेल्यांच्या तिकिटाचे पैसे तिथे द्या. अलीकडे लिबियाकडून येणाऱ्या बोटी क्रीट बेटाकडे वळल्या आहेत. तेव्हा लेस्वोसलाच जायचं का, हेही संस्थेला आधी विचारा.

तुमचं हिंदी मात्र खरंच कामाला येईल. अफगाण लोकांपैकी पुष्कळांना आपल्या सिनेमांमुळे हिंदी समजतं, पाकिस्तानी आणि बांगलादेशीही भेटतात. दवाखान्याच्या रांगेत "कहाँ दर्द है?" एवढं विचारणारं माणूस मिळालं तरी बायका मोकळ्या होतात. पण उपचाराला हात लावू नका. इंग्लंडची नोंदणी ग्रीसमध्ये आपोआप चालत नाही. आणि दुभाष्याचं कामही डॉक्टर किंवा संस्था सांगेल तेव्हाच.

व्हिसाला खोटं लिहू नका. संस्थेचं आमंत्रणपत्र घ्या आणि खरं कारण लिहा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. व्हिसा केंद्राची वेळ लवकर घ्या, शाळेच्या सुट्टीआधी मिळणं कठीण होतं. २०१८ साली या बेटावर बचावकार्यातल्या स्वयंसेवकांना अटक झाली होती आणि ते खटले वर्षानुवर्षं चालले. कागद स्वच्छ असलेले बरे.

पत्रिकांचं म्हणाल तर कमिटीपुढे कायदाच ठेवा. ग्रीसच्या राज्यघटनेच्या १३ व्या कलमात धर्मप्रसाराच्या नावाखाली लोकांना ओढण्याला मनाई आहे. त्यावरून मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात खटलाही गाजला आणि १९९३ साली निकाल ग्रीसच्या विरोधात लागला, पण कलम अजून जागेवर आहे. छावणीत पत्रिका वाटताना सापडलात तर तुमच्यासोबत यजमान संस्थेचीही परवानगी जाऊ शकते.

प्रतिसाद

भगिनी, कायदा आपल्या जागी. पण सुवार्ता सांगा ही प्रभूची आज्ञा आहे, ती गुंडाळून ठेवायची का? मग आपल्यात आणि इतर समाजसेवी संस्थेत फरक काय राहिला?

धागाकर्तीचा प्रतिसाद

वसईकर दादा, तुम्ही इतकं नीट लिहिलंत, मनापासून आभार. मुलांचा कार्यक्रम आणि कपडे दोन्ही रद्द करायचं मी सुचवणार आहे.

बंधू, तुमचा प्रश्न मी टाळत नाही. कुणी आपणहून विचारलं, "तुम्ही एवढ्या लांब कशासाठी आलात?" तर मी येशूचं नाव घेईनच, लपवणार नाही. पण जेवणाच्या रांगेत उभा असलेला माणूस नाही म्हणायला मोकळा नसतो. त्याच्या हातात पत्रिका ठेवली की तो घेणारच, कारण त्याला उद्याही जेवायचं आहे. त्याला सुवार्ता ऐकणं म्हणत नाहीत. आणि दुसरी गोष्ट जिवाची आहे. सभेत बसलेल्या अफगाण माणसाचा फोटो आपल्यापैकी कुणी हौसेने फेसबुकवर टाकला आणि तो त्याच्या गावात पोचला, तर मागे राहिलेल्या आईवडिलांचं काय? तालिबानच्या राज्यात धर्म सोडल्याचा आरोप म्हणजे मृत्यूची शिक्षा असू शकते. आपण रविवारी इंग्लंडमध्ये साक्ष देऊन टाळ्या घेऊ, भोगतील ते.

येशूने सांगितलेल्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्या परक्या वाटसरूने लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथल्या मालकाला दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येताना भरीन म्हणाला. त्या जखमी माणसाला त्याने एकही प्रश्न विचारलेला नाही. पाळकसाहेबांपुढे मी हाच उतारा ठेवणार आहे.

कमिटीची बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे. त्याआधी दोन गोष्टी हव्या आहेत. चार-पाच जणांच्या लहान गटाला पाठीमागचं काम देणाऱ्या, चर्चच्या असोत वा नसोत, संस्थांची नावं कुणाला खात्रीने माहीत असतील तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. आणि इंग्लंडमधून भारतीय पासपोर्टवर आमंत्रणपत्रासह ग्रीसचा व्हिसा काढलेलं कुणी असेल तर कागदपत्रांची यादी द्या. छापून आलेल्या पत्रिकांचं काय करायचं हेही बैठकीत निघेल. इथे आमच्या शहरातच फारसी बोलणारी एक ख्रिस्ती मंडळी भरते, तिला द्याव्यात असं माझ्या मनात आहे.