'गंधकाचे विघटन करणारे जिवाणू' – हे बरोबर आहे का?

रावेरी_केळी: कृषी केंद्रातून आणलेल्या बाटलीवर असं छापलंय. मला गटासाठी माहितीपत्रक मराठीत करायचंय नि इथंच गाडी अडली. गंधक मूलद्रव्य, त्याचं विघटन कसलं होणार? आमची चुनखडीची काळी जमीन, सामू (pH) आठच्या वर, लोह मिळत नाही नि पानं पिवळी पडतात, म्हणून आम्ही गंधक टाकतो आणि हे जिवाणू त्याचं सल्फेट करतात, सोबत आम्ल तयार होऊन मुळांजवळचा सामू थोडा उतरतो. याला शब्द काय?

मास्तर: गंधक-ऑक्सिडीकारक, म्हणजे गंधकाला ऑक्सिजन जोडणारे. आणि 'जीवाणू' लिहा, जी दीर्घ.

चोपडेकर: ऑक्सिडीकारक वाचून शेतकरी बाटली परत फळीवर ठेवेल. 'गंधक खाणारे' लिहा ना भो.

जुना_लॅबवाला: खाणारे नको. थायोबॅसिलस, म्हणजे असलाच एक जिवाणू, अंगबांधणीचा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतो, गंधकातून फक्त ऊर्जा. विनोग्रादस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 1887 मध्ये बेजियाटोआ या तंतूसारख्या जिवाणूवर गंधकातून ऊर्जा घेणं दाखवलं, सल्फाइडच्या पाण्यात त्याच्या तंतूंमध्ये गंधकाचे चकचकीत कण भरतात आणि सल्फाइड मिळणं बंद केलं की तेच कण विरत जाऊन सल्फेट होतं. चुलीत आपण लाकूड जाळतो, खात नाही. 'गंधक जाळणारे' म्हणा.

रावेरी_केळी: केळीवाल्यासमोर जाळणारे? त्याला लगेच पानांवरचा करपा रोग दिसेल.

धुळ्याचा: मुळात सल्फर शब्दच आपला. शुल्वारि, म्हणजे तांब्याचा शत्रू. तिकडून लॅटिनात गेला.

मास्तर: शुल्वारि कोशात आहे, मान्य. पण लॅटिन 'सल्फुर' त्यातून निघाला हे ओढूनताणून आणलेलं. थायोबॅसिलसमधला 'थायो' मात्र ग्रीक, त्याचा अर्थही गंधकच.

धुळ्याचा: तुम्हाला परक्यांचं सगळं पटतं.

जुना_लॅबवाला: नुसतं 'गंधक जिवाणू' तर अजिबात नको. बंद पडलेल्या बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तिथे बऱ्याचदा उलटे लोक असतात, ऑक्सिजन नसताना सल्फेटवर श्वास घेऊन हायड्रोजन सल्फाइड सोडणारे. दोघांना एकच नाव कसं चालेल?

चोपडेकर: आमच्या आबांना विचारलं, म्हणे, 'जिवाणू काय खातस यानं तुले काय करनं से, घड भरना पाहिजे.'

रावेरी_केळी: उद्या छापायला द्यायचंय. तूर्त 'गंधक उपलब्ध करून देणारे' टाकतो.

धुळ्याचा: उपलब्ध कसलं, गोणी तुम्हीच ओतली ना?

जुना_लॅबवाला: मुळाला गंधक नाही, सल्फेट लागतं. तेवढ्यापुरतं 'उपलब्ध' चालेल.

चोपडेकर: शब्दांच्या उगमाचं निघालंच आहे तर, जळगाव जिल्ह्यातल्या अडावदजवळचं उनपदेव माहीत असेल सगळ्यांना, गरम पाण्याचा झरा. त्यातलं 'उनप' म्हणजे ऊन (गरम) अधिक आप (पाणी), असं आमचे गुरुजी सांगायचे.

मास्तर: ऊन मराठी, आप संस्कृत. असा समास होत नाही.

धुळ्याचा: लोकं बोलतात तर होतो की!