मदत हवी आहे: घरच्या रेकॉर्डिंगसाठी रिफर्बिश्ड डेस्कटॉप, आय-सेव्हन सातवी जनरेशन की आय-फाइव्ह आठवी?

नमस्कार मंडळी,

राहायला कळव्यात, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्री साडेबारानंतरच. मी पेटी वाजवतो, धाकटा भाऊ तबला. अभंगांना चाली लावतो. तानपुरा, बासरी, स्ट्रिंग्स रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी कीबोर्डवरून भरतो. ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे, अडचण लॅपटॉपची आहे. रॅम ४ जीबी, तिसरं वाद्य चढवलं की आवाजात चटचट सुरू. बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) १०२४ सॅम्पलचा केला तर चटचट थांबते, पण ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्यानेच २३ मिलिसेकंद जातात, त्यावर जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. द्रुत लयीत सूर बोटांच्या मागून येतो आणि भाऊ माझ्याकडे बघतो.

वाशीतल्या एका दुकानात दोन मशीन बघून ठेवलीत:

एचपी एलिटडेस्क ८०० जी३, आय-सेव्हन ७७००, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी.
डेल ऑप्टिप्लेक्स ७०६०, आय-फाइव्ह ८५००, ८ जीबी, २५६ ची एसएसडी. हे अडीच हजारांनी महाग.

दुकानदार म्हणतो, "आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या." डोळे झाकून मागे एक मिक्सर घेतला होता, तो अजून माळ्यावर आहे. काय करू? पंख्याचा आवाजही महत्त्वाचा, माईक त्याच खोलीत असतो.

प्रतिसाद:

डेल घ्या. आय-सेव्हन हे नाव झालं, ७७०० ला कोअर ४ आणि ८५०० ला ६. शिवाय सातव्या जनरेशनचं ते मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम नंतर वाढवता येते, डीडीआर४ आहे. सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर) वापरणार असाल तर १६ तरी कराच.

एक मात्र बघा, प्रोसेसरच्या नंबरापुढे 'टी' नको. ८५००टी कमी विजेवर चालतो, वेगही कमी. आणि दुकानातच लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवून बघा. कोअर कितीही असोत, एखादा वायफायचा ड्रायव्हर बिघडलेला असला तर चटचट येणारच. पंख्याचं म्हणाल तर आतली धूळ साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून मागा, आणि डबा टेबलाखाली, माईकच्या पाठीमागे ठेवा. माझं ऐरोलीत असंच चाललंय.

धागाकर्ता:

'टी'चं माहीतच नव्हतं, धन्यवाद! शनिवारी पेनड्राइव्हवर लेटन्सीमॉन घेऊन जातो. पंधरा मिनिटं दुकानदार बसू देईल ना? भावाला बोलण्यात गुंतवायला नेतो.