'एक्सक्लूजन'ला मराठीत काय म्हणावं? वगळणूक, बहिष्कार, बंदी की मज्जाव?

तळटीपवाली: अमेरिकेत गेलेल्या चिनी मजुरांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. गाडी १८८२ च्या 'चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट'पाशी, म्हणजे चिनी मजुरांना अमेरिकेत यायला रोखणाऱ्या कायद्यापाशी अडली. मी 'चिनी बहिष्कार कायदा' लिहून मोकळी झाले होते. मग आईने कच्चा मजकूर वाचला आणि विचारलं, "म्हणजे चिनी माल घ्यायचा नाही, असं का?" तेव्हापासून हात थांबलाय. 'वगळणूक' कसं वाटतं?

जुनी पाटी: 'बहिष्कार' काढाच. आई बरोबर बोलल्या. त्यात आणखी एक घोळ आहे. याच कायद्याचा निषेध म्हणून १९०५ मध्ये शांघाय आणि कँटनमध्ये लोकांनी अमेरिकी मालावर बहिष्कार घातला होता. ते प्रकरण लेखात आलं, तर 'बहिष्कार कायद्याविरुद्ध बहिष्कार' असं लिहीत बसाल.

शिवाय बहिष्कार घालणं, वाळीत टाकणं हे आपल्यातल्याच माणसाच्या वाट्याला येतं. गाव वाळीत टाकतं ते गावातल्याच घराला. चिन्यांना मुळात पंगतीत बसवलंच कुठे होतं? 'वगळणूक' तर यादीतून नाव गळाल्यासारखं वाटतं. कारकुनाची चूक, अर्ज केला की दुरुस्त होईल, अशा थाटाचं.

रेघारेघा: 'चिनीबंदी'! दारूबंदी, प्लास्टिकबंदी, तशी चिनीबंदी. एका शब्दात काम.

तळटीपवाली: चटपटीत आहे खरा, पण 'बंदी' अशी जोडून आली की मागे वस्तू असते, माणूस नाही. आणि सगळ्या चिन्यांना बंदी नव्हतीच. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, प्रवासी यांना वाट मोकळी होती. दार बंद झालं ते मजुरांना.

रेघारेघा: माणसाला वस्तू केलं होतं म्हणूनच सुचवलं. असो, मागे घेतो.

उंबरठा: थोडं लांबण लावतो. या कायद्याच्या अधिकृत नावात 'एक्सक्लूजन' हा शब्दच नाही. नाव साधारण असं: 'चिनी लोकांसंबंधीच्या तहातील काही तरतुदी अमलात आणण्याचा अधिनियम'. वाचून कुणाच्या पोटात गोळा येईल? आतलं क्रियापदही सौम्य आहे. मजुरांचं येणं 'स्थगित' करण्यात येत आहे, दहा वर्षांसाठी. आधीच्या मसुद्यात वीस वर्षं होती. राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी तो परत पाठवला आणि दहा वर्षांवाल्यावर सही केली. १८९२ मध्ये आणखी दहा वर्षं वाढवली, १९०२ मध्ये पुन्हा वाढवली, १९०४ मध्ये मुदतच काढून टाकली. ही 'स्थगिती' उठली १९४३ मध्ये. आपल्याकडे तात्पुरती म्हणून घातलेली पत्र्याची शेड नातवाच्या लग्नापर्यंत उभी असते, तसंच.

माझं मत 'मज्जाव'ला. हा शब्द दारात उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर ऐकवायचा आहे. आणि मराठी वाचकाच्या कानात तो कुठून येतो? 'मंदिरप्रवेशास मज्जाव.' तू काय केलंस म्हणून नाही, तू कोण आहेस म्हणून. नेमकी तीच गोष्ट इथे आहे. वंश आणि देश बघून मजुरांना अडवणारा अमेरिकेचा हा पहिला मोठा कायदा.

जुनी पाटी: मज्जावाला अनुमोदन, पण 'चिनी मज्जाव कायदा' नको. चीनने केलेला कायदा वाटतो. 'चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा' असं एकदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'मज्जावाचा कायदा'.

खडूफळा: मला एक शंका आहे. मज्जाव म्हणजे बाहेरच्याला आत येऊ न देणं ना? मग १८८८ च्या स्कॉट ॲक्टचं काय? चे चान पिंग नावाचा मजूर बारा वर्षं कॅलिफोर्नियात राबून १८८७ मध्ये घरी जाऊन येतो म्हणून निघाला. परत येण्याचा सरकारी दाखला खिशात. तो बोटीवर असतानाच ते सगळे दाखले रद्द झाले. कायदा १ ऑक्टोबरचा, बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली ८ ऑक्टोबरला. सुप्रीम कोर्टानेही त्याला उतरू दिलं नाही. त्याच्यासारखे सुमारे वीस हजार लोक दाखले असून बाहेर अडकले. हा मज्जाव की हकालपट्टी?

उंबरठा: मज्जावच. हकालपट्टीला आधी आत असावं लागतं. तो स्वतःच्या घरी परतत होता आणि उंबऱ्यावर अडवला गेला. अमेरिकेतल्याच टकोमा शहरात १८८५ मध्ये जमावाने चिनी वस्ती शहराबाहेर काढली, ती हकालपट्टी. त्याच वर्षी वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज खाणीवर २८ चिनी मारले गेले, त्याला 'दंगल' लिहू नका. दंगलीला दोन बाजू लागतात.

तळटीपवाली: हे लिहून ठेवलं. आता 'कुली'. त्या काळच्या पत्रकांत पानोपानी आहे. 'हमाल' करू का?

खडूफळा: नको, 'कुली'च ठेवा. हा शब्द इथूनच तिकडे गेलेला. कुणी तमिळ 'कूलि' म्हणजे मजुरी यावरून धरतात, कुणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांवरून. चिनी लिपीत तो ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्यांचा अर्थ होतो 'कडू कष्ट'. योगायोग, पण काय चपखल बसलाय! मात्र कॅलिफोर्नियात गेलेले बहुतेक चिनी करारात बांधलेले कुली नव्हतेच. तसे बांधलेले गेले क्यूबा आणि पेरूला. इकडचे बोटीचं भाडं उसनं घेऊन निघायचे आणि मजुरीतून फेडायचे. 'कुली' म्हटलं की गुलामासारखा वाटतो आणि त्याला हाकलणं पुण्याचं काम ठरतं, म्हणून विरोधकांना तो शब्द सोयीचा होता.

रेघारेघा: उसनं भाडं म्हणजे ऊसतोडीवाल्यांची 'उचल' की!

खडूफळा: जवळ आहे, पण उचल देणारा मुकादम कामालाही बांधून घेतो. इथे कर्ज एकाचं, काम दुसऱ्याकडे. 'उधारीचं तिकीट' बरं.

जुनी पाटी: शब्दाने माणूस कसा गाडतात ते बघायचं तर 'इंडियन'वर, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीच्या शब्दावर, तळटीप द्याच. लिंग सिंग नावाच्या चिन्याचा खून झाला, जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्याला शिक्षा झाली, साक्षीदार चिनी. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाची वा 'इंडियन'ची साक्ष चालत नसे. चिन्याचा उल्लेखच नाही. १८५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने काय युक्तिवाद काढावा? कोलंबस आशियात पोचलो समजून तिथल्या लोकांना इंडियन म्हणाला, तेव्हा 'इंडियन'मध्ये आशियातले सगळे आले, म्हणजे चिनीही आलाच. हॉल सुटला.

तळटीपवाली: वाचून सुन्न झाले. शेवटचा प्रश्न, 'पेपर सन'. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेकांनी 'आम्ही इथेच जन्मलो, म्हणजे इथले नागरिक' असं सांगितलं, आणि त्यांच्या नसलेल्या मुलांच्या नावावर दुसरी मुलं आली. 'कागदी मुलगा' लिहिलं तर होडी, विमान असलं काही डोळ्यापुढे येतं.

जुनी पाटी: 'मानलेला' नको, त्यात माया आहे. 'दत्तक' नको, त्यात विधी आहे.

उंबरठा: 'कागदोपत्री मुलगा'. हा मुलगा दुसऱ्याचं घर पाठ करून यायचा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर, येणाऱ्यांच्या तपासणी केंद्रात, अधिकारी विचारायचे: घराला किती पायऱ्या? तांदळाची कणगी कुठे? दुसऱ्या रांगेत तिसऱ्या घरात कोण राहतं? तेच प्रश्न बापाला, आणि उत्तरं जुळली नाहीत की परतीची बोट. उजळणीची वही बोटीवर घोकायची आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात टाकायची.

तळटीपवाली: 'कागदोपत्री' पक्कं. राइस बिनला मी 'तांदळाचा डबा' केलं होतं, ते आता 'कणगी' करते.